भोक न पाडलेले डबे

पांगबोचे
ज्येष्ठ २, विक्रम संवत २०५५

प्रिय यांगजी,

तुझा दाजू जिवंत आहे, दहाही बोटं शाबूत आहेत आणि यंदाचं काम आटोपत आलंय. तुझी वहिनी शेजारी उभी राहून म्हणतेय, आधी अंग धुवा, मग पत्र लिहा, नाहीतर कागदालाही वास लागेल. लागू दे! बहिणीला दाजूच्या वासाची सवय आहे.

चौदा पोती पाठवतोय. वर चढायला आलेले पाहुणे शेगडीचे गॅसचे डबे तिथेच टाकून जातात, ते तुला ठाऊकच आहे. आम्ही सोळा जणांनी बर्फ उकरून उकरून ते गोळा केले. पोती शिवली, गाठींवर लाख लावली, सफाई समितीचा शिक्का मारला आणि याकांवर घालून स्यांगबोचेला उतरवली. तिथून मालाच्या हेलिकॉप्टरने काठमांडू. पायलट मोठा खवट आहे. ‘रिकामे, भोक पाडलेले’ असा मुकादमाच्या सहीचा कागद दिल्याशिवाय तो एक डबा चढवू देत नाही. आणि मुकादम कोण? तुझा दाजू! मास्तर म्हणायचे, फुर्बा, तुझी सही म्हणजे चिखलात कोंबडी नाचून गेल्यासारखी. आता त्या सहीशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही म्हणावं.

सोबत ऑक्सिजनचे नऊ मोठे सिलिंडर आहेत. ते पुन्हा भरायला जायचेत, भंगारात नाही. त्यांच्या तोंडांवर टोप्या घट्ट बसवल्या आहेत. हर्कमानला सांग, उभे ठेवायचे, सावलीत ठेवायचे, दोरीने बांधायचे. आडवा पडून एखाद्याचं तोंड तुटलं तर भिंत फोडून शेजाऱ्याच्या ताटात जाऊन बसेल. डबे मात्र तुमचेच. ठोकून चपटे करा आणि वीरगंजच्या भट्टीला पाठवा.

डोल्माला दात आले का? तिच्यासाठी याकच्या दुधाची सुकी छुर्पी ठेवली आहे. दगडासारखी आहे, दात नसतील तर येतील.

तुझा दाजू,
फुर्बा

---

जोरपाटी, काठमांडू
ज्येष्ठ १२

दाजू,

पोती पोचली. सिलिंडर यांनी सावलीत उभे करून दोरीने बांधलेत, निम्मा दिवस त्यातच गेला. तुझा मेहुणा तुझं इतकं ऐकतो, माझं थोडं तरी ऐकलं असतं तर!

आता एक विचारायचं आहे, चिडू नकोस. गेल्या वर्षी प्रत्येक डब्याला बुडाशी भोक होतं. यंदा तीन पोती उघडून पाहिली, एकालाही नाही. डबे ठोकायला आमच्याकडे सुनमाया आहे ना, सहा वर्षं झाली तिला, हात लावून पत्रा ओळखते. तिने एक डबा कानाशी हलवला आणि म्हणाली, “वहिनी, आत काहीतरी खळखळतंय. मी नाही बाई हातोडा मारणार.” हे म्हणाले, पोती छपराखाली राहू दे, दाजूला विचारू. छप्पर पत्र्याचं आहे आणि इथे असं ऊन पडलंय की मांजरसुद्धा अंगणात पाय ठेवत नाही. लवकर लिही.

डोल्माला दोन दात आलेत. पहिला चावा यांच्या नाकाला.

यांगजी

---

पांगबोचे
ज्येष्ठ १९

यांगजी,

काय गं तुम्ही माणसं! सहा वर्षं भंगार ठोकणारी बाई डब्याला घाबरते आणि तिचा मालक मला पत्रं लिहायला लावतो. हर्कमानला म्हणावं, भीती वाटत असेल तर चहाचं दुकान काढ.

भोकं पाडणं यंदा जमलं नाही हे खरं आहे. कारण मोठं आहे, भेटीत सांगेन. पण रिकामे म्हणजे रिकामे. एकेक डबा मी स्वतः तपासलाय. पहाटे तंबूबाहेर बसायचो, वारा पडलेला असतो तेव्हा. डबा कानाशी धरायचा आणि तोंडातली पिन खिळ्याने दाबायची. गॅस असेल तर फुस्स होतं. चौदाशे डब्यांत एकातून फुस्स झालं नाही. आत खळखळतं तो गाळ असतो, तळाशी चमचा दोन चमचे राहतोच. सुनमायाला म्हणावं, बिनधास्त हाण. वाटलं तर हे पत्र वाचून दाखव. फुर्बाचा कान आहे हा, वरच्या बर्फाला तडा जातो तोही आधी या कानाला कळतो.

पोती अडवून ठेवू नका. पुढच्या खेपेची दहा तयार आहेत.

दाजू

---

जोरपाटी
आषाढ १

दाजू,

सुनमाया गेली.

परवा दुपारी, अंगणात. चौथा का पाचवा डबा असेल. हातोडा बसला, पत्रा फाटला आणि पांढरा धूर उठावा तसं काहीतरी फसफसत बाहेर आलं. पलीकडे चहाचा स्टोव्ह पेटलेला होता. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ढीगच्या ढीग उडत होता. ती ओरडलीसुद्धा नाही. हे फाटकातून धावत आत आले आणि तिला ओढायला गेले, यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलून निघाले. ती इस्पितळात संध्याकाळपर्यंत होती. मला ओळखलं तिने. पाणी मागत होती आणि डॉक्टर देऊ देत नव्हते.

काल यांना चौकीत नेलं, हाताला पट्ट्या तशाच. इन्स्पेक्टर म्हणतात, तुझ्याच कागदपत्रांत लिहिलंय की डबे रिकामे आणि भोक पाडलेले होते, मग गॅस आला कुठून? हे शेगड्या दुरुस्त करतात, नळी आणि रेग्युलेटर घरात सापडले. म्हणून यांनी चोरून डबे भरायचा धंदा मांडला होता असं ठरवलंय. माणूस मेलंय, सहज सुटणार नाहीत म्हणतात.

दाजू, चटकन काहीतरी कर.

यांगजी

---

पांगबोचे
आषाढ ८

यांगजी,

बातमी कळली. सुनमायाच्या नावाने गोम्पात दिवे लावले.

पण आता ऐक, राग आला तरी ऐक. मी लग्नाच्या वेळीच म्हणालो होतो, हा माणूस गोड आहे पण नसत्या उचापती करणारा आहे. शेगड्या दुरुस्त करता करता नळी कुठे लावली, कोणाचे डबे भरून दिले, तुला सगळं सांगतो का तो? मी पाठवलेल्या डब्यांत काही नव्हतं. चौदाशे वेळा ऐकलंय मी. भरलेले डबे त्या ढिगात दुसऱ्याच कुणाचे असणार.

नामचेच्या चौकीत काठमांडूहून विचारणा आली होती. मला बोलावलं. मी लिहून दिलं की सर्व डब्यांना भोकं पाडूनच पाठवले होते. तेवढं लिहिणं भाग होतं. नाहीतर समितीचं काम बंद होईल आणि सोळा घरांच्या चुली विझतील. त्याने हर्कमानचं काही बिघडत नाही, त्याने खरं सांगावं आणि मोकळं व्हावं.

तू डोल्माला घेऊन इकडे ये. थोडे दिवस.

दाजू

---

जोरपाटी
आषाढ १४

फुर्बा दाजू,

ते तुझं लिहून दिलेलं इन्स्पेक्टरांनी मला दाखवलं. सही ओळखता का, म्हणाले. मी म्हटलं, हो, माझ्या सख्ख्या भावाची आहे. ते म्हणाले, “मग बाई, तुमचा भाऊ खोटं बोलतोय का तुमचा नवरा?” मी गप्प बसले. हे गजांआडून माझ्याकडे बघत होते.

आता तू ऐक. स्फोटात काही डबे उडून मागच्या नाल्यात पडले होते. त्यांतला एक मी उचलून आणला. तुझाच, समितीचा लाल पट्टा आहे त्यावर. चूलबिल सगळं विझवलं, डोल्माला शेजारी दिलं आणि मोकळ्या माळावर जाऊन तुझ्यासारखाच खिळा घेऊन पिन दाबली. तो फुसफुसायला लागला. मी शंभर मोजले, तरी थांबेना. असे चार डबे उघडले. चारही तसेच. गाळ म्हणे! तो गॅस आहे, दाजू, पाण्यासारखा होऊन तळाशी बसलेला. तुझ्या पहाटेच्या थंडीत तो झोपतो, शेगडीलाही येत नाही, म्हणून तर पाहुणे डबा संपला समजून फेकतात. इथल्या उन्हात तो जागा झाला. तू चौदाशे वेळा ऐकलंस ते खरं असेल, पण बर्फात बसून ऐकलंस.

ज्येष्ठातलं तुझं पत्र माझ्या पेटीत आहे. भोकं पाडली नाहीत असं तुझ्या हाताने लिहिलेलं. ते मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

यांच्या हातात पू झालाय.

यांगजी

---

पांगबोचे
आषाढ २१

माझ्या बहिणी,

तुझं पत्र वाचून कोठारातला उरलेला एक डबा घेतला आणि दिवसभर पोटाशी, अंगातल्या जाड बख्खूच्या आत बाळगून हिंडलो. संध्याकाळी कुरणात जाऊन पिन दाबली, तर तो फुसफुसतच राहिला. मग तिथेच गवतावर बसून राहिलो. अंधार पडल्यावर वहिनी शोधायला आली.

मीच मारली तिला. हे तुला लिहितोय, दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.

भोकं का पाडली नाहीत ते सांगतो. गेल्या वर्षी तळावर आम्ही नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. डबे उन्हात ठेवले, तोंडं उघडून उरलासुरला गॅस सोडला, मग टोच्याने भोक. दोन दिवस त्या घाण वासाने तळ भरून गेला होता. पूजेच्या दगडी ओट्यावर धूपी जळत होती आणि तिच्या धुरात तो वास मिसळून वर, थेट शिखरावरच्या देवी आईकडे जात होता. तिसऱ्या दिवशी बर्फाचा कडा कोसळला आणि आपला कामी छिरिंग गेला. तू रडली होतीस ना त्याच्यासाठी? त्याच्या बापाने मला भर गावात विचारलं, “फुर्बा, आईच्या नाकाशी घाण कुणी सोडली?” काय सांगणार होतो मी? यंदा सोळाही जणांनी सांगितलं, वर गॅस सोडायचा असेल तर आम्ही येत नाही. म्हटलं, खाली स्यांगबोचेला भोकं पाडू. तिथे पोचलो तर हेलिकॉप्टर पंखा फिरवत उभं. ढग येत होते, पायलट शिव्या देत होता. आणि मी तर ऐकलंच होतं सगळं, म्हणून कागदावर सही केली.

ते पत्र चुलीत घाल, यांगजी. पाया पडतो. वकील लावू, मोठा लावू, मी याक विकतो. हर्कमानला सोडवायचे दुसरे मार्ग असतील. माझं नाव गेलं तर इथे कुणी मला दारात उभं करणार नाही.

फुर्बा

---

जोरपाटी
आषाढ २७

दाजू,

जाळलं नाही आणि जाळणार नाही.

तू ये. स्वतःच्या पायाने चौकीत जा आणि मला लिहिलंस तेच तोंडाने सांग. श्रावण १५ पर्यंत वाट पाहीन. तू आला नाहीस तर सोळाला ते पत्र मी नेऊन देईन. मग तू माझा भाऊ नाहीस असं समजून देईन.

आणि ती पुढची दहा पोती जिथे असतील तिथे थांबव.

यांगजी

---

जिरी
श्रावण १४

यांगजी, बहिणी,

तुझं पत्र पायी पायी आलं, चारला मिळालं. पावसाने विमानं बंद आहेत, नामचेचा फोन मुका झालाय. उत्तर लिहीत बसलो असतो तर ते माझ्याच पिशवीतून आलं असतं, म्हणून लिहिलं नाही. त्याच दिवशी निघालो. दहा पोती थांबवली आहेत. गावाला सगळं सांगितलं, कामीच्या बापालाही. तो घरात निघून गेला. वहिनी पुलापर्यंत आली होती.

दहा दिवस चालतोय. जळवांनी पाय खाल्ले, उजवा घोटा सुजून भोपळा झालाय. जिरीच्या पुढे रस्ता वाहून गेला आहे. इथल्या चीजच्या कारखान्यातला एक भला माणूस दरड ओलांडून पायी जातोय, त्याच्याजवळ हे देतो. मला आज पाऊल टेकवत नाही. उद्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून दरड ओलांडेन आणि पलीकडून बस धरेन. सतराला पोचतो.

दोनच दिवस जास्त, यांगजी. तेवढं थांब. मला स्वतः जाऊन सांगू दे. बाकी सगळं गेलंच आहे, एवढं तरी माझं राहू दे.

फुर्बा

---

जोरपाटी
श्रावण २५
फुर्बा छिरिंग शेर्पा, कच्ची कैद, यांस

दाजू,

जिरीचं तुझं पत्र सोळाला दुपारी आलं. मी चौकीतून घरी पोचले तर तो चीजवाला पायरीवर बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मी सकाळी नऊलाच जाऊन ज्येष्ठातलं ते पत्र देऊन आले होते.

पत्र घेऊन तशीच उलटी धावले. म्हटलं, साहेब, तो येतोय, आपणहून येतोय, हे बघा. त्यांनी तारीख पाहिली, शिक्का शोधला. हातपत्राला शिक्का कुठला? म्हणाले, “पकडायची वेळ आली की सगळेच आपणहून येत असतात.” सतराला तू बसमधून उतरलास, लंगडत, आणि पोलीस तिथे उभेच होते. तू म्हणालास, मी तुमच्याकडेच चाललो होतो, आणि ते हसले. हे मला बसच्या कंडक्टरने सांगितलं.

हे घरी आलेत. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तुझ्याविषयी एक वाईट शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता जे लिहिते ते मी तुझ्यापासून लपवलं, सगळ्यांपासून लपवलं. त्या दिवशी हे घरात नव्हते. जाताना मला बजावून गेले होते की दाजूने काहीही लिहू दे, पोत्यांना हात लावायचा नाही, मी आलो की माळावर नेऊन एकेक डबा उघडू. सुनमायाही नको म्हणत होती. मी तुझं पत्र आणलं आणि तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, माझ्या दाजूचा कान कधी चुकलाय का? तरी उठेना तेव्हा भित्री म्हणून चिडवलं तिला. ती हसली आणि हातोडा उचलला. स्टोव्ह मी पेटवला होता, तिच्यासाठीच चहा ठेवला होता.

ठोकायला कुणी सांगितलं, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, मी सांगितलं. मला डोळ्यांनीच गप्प केलं. नंतर गजांआडून एवढंच म्हणाले, डोल्मा अंगावर पिते, तिला आई हवी. आणि मी ऐकलं, दाजू. खूप लवकर ऐकलं.

तुला मुदत घालणारी मी, खरं बोल म्हणून सांगणारी मी! पंधरा तारीख सरल्यावर एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण मी रात्रभर हिशेब केला होता. तू आलास तर तू सांगशील की पत्र वाचून दाखव म्हणून मीच लिहिलं होतं, आणि कुणीतरी विचारेल की मग ते वाचून कुणी दाखवलं. तू यायच्या आत नुसतं पत्र हाती दिलं तर साहेब न पाडलेल्या भोकांची ओळ तेवढी बघतील, वाचून दाखव हे शब्द नजरेतून निसटतील आणि सगळं तुझ्यावर जाईल. म्हणून सकाळी सकाळी गेले. मी तुझी वाट पाहिलीच नव्हती.

आज सुनमायाच्या आईकडे गेले होते आणि तिला सगळं सांगितलं. मी उभी होते, तर तिने आतून पेंढ्याची गुंदरी आणून मला बसायला टाकली.

उद्या डोल्माला यांच्याजवळ ठेवून मी चौकीत जाते.

तुझी बहीण,
यांगजी